अमेरिकेतली ख्रिस्ती घरशाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरशाळा (होमस्कूल) म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता पालकांनी घरीच शिकवणे. इथे बोलणे आहे ते मुख्यतः कॉन्झर्व्हेटिव्ह (परंपरावादी) ख्रिस्ती घरांतल्या घरशाळेबद्दल. हे पान मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. काहींच्या मंडळीतली निम्मी मुले घरीच शिकतात आणि 'तुम्ही कधी सुरू करणार?' हा प्रश्न त्यांच्यापर्यंत आलेला असतो. काहींना फक्त शेजारच्या घरात काय चालते ते समजून घ्यायचे असते. नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून खाली दिलेल्या तारखा आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याकडून एकदा पडताळून घ्याव्यात.

'कॉन्झर्व्हेटिव्ह ख्रिस्ती' म्हणजे नेमके कोण?

एक पंथ नव्हे. बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल, रिफॉर्म्ड प्रेस्बिटेरियन, कोणत्याच पंथाला न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्या, सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, मेनोनाइट आणि परंपरानिष्ठ कॅथलिक असे सगळेच यात येतात. एकमेकांच्या उपासनेला ते सहसा जात नाहीत, पण मुलांच्या शिक्षणाची अंतिम जबाबदारी सरकारची नसून आईबापांची आहे यावर त्यांचे एकमत असते. आमिश लोकांना यात धरू नका. त्यांच्या स्वतःच्या एका खोलीच्या शाळा असतात आणि तिथले शिक्षण आठवीला संपते. उलट बाजूने, घरी शिकणारा प्रत्येक मुलगा ख्रिस्ती घरातला असतो असेही नाही.

शाळा चांगली असूनही मुलांना घरी का ठेवतात?

ही कुटुंबे तीन वचनांचा आधार नेहमी देतात : अनुवाद ६:६-७ (घरात बसताना, वाटेने चालताना मुलांना शिकवा), नीतिसूत्रे २२:६ आणि इफिसकरांस पत्र ६:४. त्यामागे इतिहासही आहे. १९६२ आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली शाळेने घडवून आणलेली प्रार्थना आणि पवित्र शास्त्राचे वाचन घटनाबाह्य ठरवले. पुढे उत्क्रांती, लैंगिक शिक्षण आणि अलीकडे लिंगओळख या विषयांवरून शाळा आणि ही घरे यांच्यातले अंतर वाढत गेले.

तरीही धर्म हे एकच कारण समजू नका. राष्ट्रीय पाहण्यांमध्ये शाळेतले वातावरण, म्हणजे सुरक्षितता, अमली पदार्थ आणि संगत, हे कारण धार्मिक शिक्षणापेक्षा जास्त पालक देतात. वाचनात मागे पडलेला मुलगा, मधुमेहाची मुलगी, वडिलांची सैन्यातली बदली अशी साधी कारणेही असतात. चर्चमध्ये मात्र वचनाचे कारण आधी सांगितले जाते, एवढेच.

हे सगळे कधी सुरू झाले?

आजच्या चळवळीला १९७० च्या दशकात दोन तोंडे होती. एकीकडे शिक्षक आणि लेखक जॉन होल्ट. हे धार्मिक नव्हते, शाळेलाच विरोध करणारे होते. दुसरीकडे रेमंड आणि डोरोथी मूर हे अ‍ॅडव्हेंटिस्ट दांपत्य. लहान मुलांना औपचारिक शाळेत घालण्याची घाई करू नये असे त्यांचे म्हणणे होते. ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सन यांच्या रेडिओ कार्यक्रमातून मूर यांचा आवाज इव्हँजेलिकल (सुवार्तावादी प्रोटेस्टंट) घरांत पोहोचला आणि चळवळीचा तोल ख्रिस्ती बाजूला झुकला. १९८३ मध्ये मायकल फॅरिस आणि माइक स्मिथ या वकिलांनी होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन (एचएसएलडीए) स्थापन केली. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली. त्याच वर्षी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक कारणाने घरी शिकवणाऱ्या पालकांवरची 'शिक्षक परवाना हवाच' ही अट रद्द केली.

१९७२ च्या योडर खटल्याने घरशाळेला परवानगी दिली असे चर्चच्या बैठकांत सर्रास सांगतात. तो खटला आमिश मुलांना आठवीनंतर शाळेतून काढण्याबद्दल होता. घरशाळेला थेट उपयोगी पडलेला जुना निकाल इलिनॉयचा, १९५० चा. एका अ‍ॅडव्हेंटिस्ट कुटुंबाच्या प्रकरणात तिथल्या न्यायालयाने नीट चालवलेली घरशाळा ही खासगी शाळाच मानली.

१९९९ च्या सरकारी पाहणीत घरी शिकणारी सुमारे साडेआठ लाख मुले होती, म्हणजे शाळेच्या वयाच्या मुलांपैकी १.७ टक्के. कोविडच्या काळात, २०२० च्या शरद ऋतूत, घरशाळा करणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ११.१ टक्क्यांवर गेले आणि नंतर खाली आले. पण ते जुन्या पातळीवर परतले नाही.

कायदा काय म्हणतो?

'अमेरिकेत घरशाळा कायदेशीर आहे' हे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे. संघराज्याचा यावर कायदाच नाही. राज्य बदलले की सगळे बदलते.

टेक्ससमध्ये घरशाळा ही खासगी शाळा धरली जाते. नोंदणी नाही, परीक्षा नाही, दिवसांची मोजणी नाही. फक्त वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व या पाच गोष्टींचा लेखी अभ्यासक्रम हवा आणि तो प्रामाणिकपणे चालवलेला हवा.

जॉर्जियात दरवर्षी १ सप्टेंबरपर्यंत (नव्याने सुरुवात करत असाल तर ३० दिवसांत) 'डिक्लरेशन ऑफ इंटेंट' भरायचे. वर्षाचे १८० दिवस, दिवसाला साडेचार तास आणि पाच विषय हे ठरलेले. शिकवणाऱ्या पालकाकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या बरोबरीचे जीईडी प्रमाणपत्र हवे. तिसरीच्या अखेरीपासून दर तीन वर्षांनी प्रमाणित चाचणी घ्यायची. तिचा निकाल कुणाला पाठवायचा नसतो, पण घरी जपून ठेवायचा असतो.

नॉर्थ कॅरोलायनात राज्याच्या 'नॉन-पब्लिक एज्युकेशन' विभागाकडे नोटीस भरताना 'धार्मिक' की 'अधार्मिक' शाळा हे निवडावे लागते. चाचणी दरवर्षी, हजेरीपत्रक आणि लसीकरणाच्या नोंदी घरी.

व्हर्जिनियात १५ ऑगस्टपर्यंत नोटीस आणि पुढच्या १ ऑगस्टपर्यंत प्रगतीचा पुरावा द्यावा लागतो. चाचणी दिली तर एकत्रित गुण किमान चौथ्या स्टॅनाइनमध्ये (गुणांच्या नऊ पायऱ्यांपैकी खालून चौथी), म्हणजे २३ व्या पर्सेंटाइलच्या वर हवेत. याच राज्यात धार्मिक श्रद्धेवरून पूर्ण सूट मागायची वेगळी तरतूद आहे. ती मिळाली की पुढे काहीच पाठवावे लागत नाही. घाईने हा मार्ग घेऊ नये. अर्जात श्रद्धा प्रामाणिक असल्याचे दाखवावे लागते, आणि वर्षानुवर्षे कुणीच मोजमाप न केल्याचे तोटे पुढे येतीलच.

पेनसिल्व्हेनिया कडक आहे. प्रतिज्ञापत्र, १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास (माध्यमिकला ९९०), तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणी, वर्षभराचा पोर्टफोलिओ आणि तो पाहून पात्र मूल्यमापकाने दिलेले पत्र ३० जूनपर्यंत.

न्यूयॉर्क सर्वांत कागदी. १ जुलैपर्यंत इरादापत्र, मग जिल्ह्याकडून येणारा फॉर्म भरून प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, वर्षात चार तिमाही अहवाल आणि शेवटी वार्षिक मूल्यमापन. दोन मुले म्हणजे आठ तिमाही अहवाल. त्या चार तारखा तुम्हीच आराखड्यात लिहिलेल्या असतात, तेव्हा सुट्टीवर भारतात असाल त्या आठवड्यातली तारीख लिहू नका.

कॅलिफोर्नियात १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान 'प्रायव्हेट स्कूल अ‍ॅफिडेव्हिट' भरून पालक स्वतःची खासगी शाळा उघडतात. टेनेसी आणि अलाबामात पुष्कळ कुटुंबे चर्चशी जोडलेल्या 'अंब्रेला स्कूल'मध्ये नाव घालतात. हजेरी आणि गुण तिथे जमा होतात आणि शाळेच्या नावाने डिप्लोमाही मिळू शकतो.

वर्षाच्या मध्येच मुलाला शाळेतून काढायचे असेल तर?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी राज्याला लागणारी नोटीस भरा. मग शाळेला तारखेसह लेखी पत्र द्या : अमुक दिवसापासून विद्यार्थ्याचे नाव काढावे, तो राज्याच्या कायद्यानुसार घरी शिकेल. पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा किंवा ईमेल करून पोच मागा. पोच हातात आल्यावर मुलाला घरी ठेवा.

गडबड होते ती उलट क्रमामुळे. पालक सोमवारपासून मुलाला पाठवणे बंद करतात, शुक्रवारी पत्र लिहितात. शाळेच्या संगणकात तेवढे दिवस विनापरवाना गैरहजेरी म्हणून पडतात आणि 'ट्रुअन्सी'ची नोटीस दारात येते. शाळेने दिलेला 'माघार' फॉर्म सही करण्याआधी वाचा. काही फॉर्ममध्ये 'शाळा सोडली' म्हणजे ड्रॉपआउट असा रकाना असतो.

मुलाला विशेष गरजांसाठी आयईपी (शाळेने ठरवलेली वैयक्तिक शिक्षण योजना) असेल तर त्याच्यासोबत मिळणारी स्पीच थेरपी वगैरेचा हक्क शाळा सोडताच बव्हंशी संपतो. तपासणीची मागणी मात्र घरशाळेतूनही जिल्ह्याकडे करता येते. आधीच्या सगळ्या अहवालांच्या प्रती निघतानाच मागून घ्या.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात. सुरुवातीला पूर्ण संच विकत घेण्याचा मोह टाळा. बहुतेक प्रकाशकांच्या 'प्लेसमेंट टेस्ट' फुकट असतात. मुलाची इयत्ता न पाहता त्या चाचणीतून निघालेली पातळी घ्या.

अबेका हा फ्लोरिडातल्या पेन्साकोला ख्रिश्चन कॉलेजशी जोडलेला प्रकाशक. फोनिक्स (अक्षरांवरून उच्चार) पक्के, पाठांतर भरपूर, कर्सिव्ह (जोडून लिहिणे) लवकर. त्याचे पाठनियोजन वर्गासाठी लिहिलेले आहे. घरी एका मुलाला प्रत्येक ओळ, प्रत्येक कवायत, प्रत्येक पान करायला लावले की नाताळच्या आत आई आणि मूल दोघेही थकतात. एका मुलाला निम्मी कवायत पुरते. साउथ कॅरोलायनाच्या ग्रीनव्हिलचे बीजेयू प्रेस संकल्पना जास्त समजावते, पण त्याचे शिक्षक-पुस्तक वाचल्याशिवाय तास घेता येत नाही. रोजची तयारी धरून चला.

एसीई (अ‍ॅक्सलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन) पद्धतीत विषयामागे वर्षाला बारा पुस्तिका असतात. त्यांना 'पेस' म्हणतात. मूल स्वतः वाचते, स्वतः तपासते आणि शेवटी चाचणी देते, ८० टक्क्यांना पुढची पुस्तिका. चार-पाच मुलांच्या आईला ही सोय वाटते, म्हणून मिशनरी घरांत आणि छोट्या मंडळ्यांच्या शाळांतही ती जगभर पसरली. तिचे दुखणेही तेच आहे. रिकाम्या जागा भरता येतात, पण दोन पाने स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाहीत. शिवाय उत्तरपुस्तिका मुलाच्या हाताशी असते, तिचे काय होते ते वेगळे सांगायला नको. एसीई घेतलीच तर आठवड्याला एक निबंध आणि रोज मोठ्याने वाचन बाहेरून जोडा.

गणितात दोन टोके आहेत. सॅक्सन थोडे थोडे नवीन शिकवून रोज जुन्या उदाहरणांची मिसळ देते. 'ही तर येतात' म्हणून पालक मिसळीतली निम्मी उदाहरणे गाळतात आणि दोन महिन्यांनी चाचणीत मूल कोसळते. सॅक्सनचे सगळे बळ त्या मिसळीत आहे. मॅथ-यू-सी ठोकळ्यांनी शिकवते आणि जवळजवळ पूर्ण वर्ष एकाच क्रियेला देते. पद्धत चांगली, पण अपूर्णांक उशिरा येतात. तिसरीच्या प्रमाणित चाचणीत अपूर्णांकांवर प्रश्न येतात आणि हुशार मुलाचे गुण विनाकारण पडतात. चाचणीचे वर्ष असेल तर आधी दोन आठवडे अपूर्णांक वेगळे शिकवा. या दोन पद्धतींमध्ये मध्येच उडी मारली तर एक वर्ष हमखास जाते.

सॉनलाइट गोष्टींच्या पुस्तकांतून इतिहास शिकवते. रोज दीड-दोन तास मोठ्याने वाचायची घशाची तयारी हवी. क्लासिकल कन्व्हर्सेशन्स ही १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुरू झालेली संस्था. आठवड्यातून एक दिवस चर्चच्या इमारतीत जमायचे, २४ आठवडे, लहानपणी पाठांतर आणि वयाच्या बाराव्या वर्षानंतर तर्क व वादविवाद. पाठांतराला आपण मराठी लोक बिचकत नाही. मात्र पाढे, राजे आणि लॅटिन प्रत्यय मुखोद्गत असले म्हणजे वाचन-गणित आपोआप येत नाही. ते उरलेले चार दिवस घरीच करायचे असते. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेच्या (१८४२–१९२३) पद्धतीत छोटे तास, सकस पुस्तके, वाचलेले मुलाने आपल्या शब्दांत सांगणे आणि निसर्गाची वही येते. या धर्तीवरचा अँबलसाइड ऑनलाइन हा अभ्यासक्रम विनामूल्य आहे. कॅथलिक घरे व्हर्जिनियातल्या सेटन होम स्टडीकडे वळतात, मेनोनाइट आणि साधेपणा आवडणारी घरे रॉड अँड स्टाफच्या इंग्रजी व्याकरणाकडे. ते व्याकरण खरोखर उत्तम आहे आणि स्वस्तही.

पहिल्या वर्षासाठी आमचा सल्ला : गणित, वाचन आणि लेखन यांचे एकेक पुस्तक, बाकी सगळे ग्रंथालयातून.

दिवसाला किती तास लागतात?

एकास एक शिकवताना शाळेइतका वेळ लागत नाही. दुसरीपर्यंत दीड-दोन तास, तिसरी ते पाचवी तीन, सहावी ते आठवी चार-पाच, हायस्कूलला पाच-सहा आणि वर वाचन. ज्या राज्यात तास मोजावे लागतात तिथे स्वयंपाकातली मापे, संग्रहालय, संगीत, पोहणे हेही नियमात बसेल तसे लिहून ठेवतात.

अनेक मुले असतील तर पवित्र शास्त्र, इतिहास आणि विज्ञान सगळ्यांना एकत्र, गणित आणि वाचन ज्याचे त्याला वेगळे. अडचण येते ती तीन वर्षांच्या धाकट्याची. सकाळी पहिली वीस मिनिटे त्याला द्या, मग तो तासभर बऱ्यापैकी राहतो. हा क्रम उलटवला की दिवस त्याच्या मागे धावण्यात जातो.

उत्क्रांती शिकवतात का?

बहुतेक ख्रिस्ती प्रकाशक सहा दिवसांची निर्मिती आणि काही हजार वर्षांची पृथ्वी ही भूमिका घेतात. अपोलोजियाची विज्ञानाची पुस्तके घरशाळांत फार चालतात. भाषा मुलाशी बोलल्यासारखी आणि प्रयोग घरगुती वस्तूंचे. रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधी बीजगणिताचे पहिले वर्ष पुरे झालेले हवे, नाहीतर तिसऱ्या प्रकरणात मूल अडते. कॅथलिक प्रकाशकांचा आणि काही इव्हँजेलिकल घरांचा उत्क्रांतीला तितका विरोध नसतो.

वैज्ञानिक पुरावा उत्क्रांतीच्या आणि अब्जावधी वर्षांच्या पृथ्वीच्या बाजूने आहे आणि विद्यापीठे तेच धरून चालतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ख्रिस्ती शाळांचे काही अभ्यासक्रम प्रवेशासाठी धरायला नकार दिला, त्यावर शाळांच्या संघटनेने खटला भरला. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये अपिलातही टिकला. मुलाला वैद्यकीय किंवा जीवशास्त्राकडे जायचे असेल तर दहावीपर्यंत केव्हातरी मुख्य प्रवाहातले पाठ्यपुस्तक पूर्ण करायला हवे. श्रद्धेने पक्की असलेली अनेक घरेही कॉलेजच्या पातळीचे एपी बायोलॉजी किंवा कम्युनिटी कॉलेजचा प्रयोगशाळेचा वर्ग घेतात तो याचसाठी.

मुले एकटी पडत नाहीत का?

शहराजवळ राहणारी सहसा नाही. चर्च, अवाना (चर्चमधला मुलांचा बायबल कार्यक्रम), ४-एच (मुलांचे हस्तकौशल्य-शेतीचे मंडळ), पोहणे, वादविवाद संघ आणि को-ऑप (पालकांनी मिळून चालवलेले वर्ग) यांत आठवडा भरतो. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत घरी शिकणारी मुले सरकारी शाळेच्या संघातून खेळू शकतात. अमेरिकन फुटबॉलपटू टिम टेबो तसाच खेळला, म्हणून अशा कायद्यांना त्याच्या नावाने ओळखतात. गावाबाहेर, एकच गाडी आणि पाच मुले असतील तर एकटेपणा खरा असतो, आणि तो आधी आईला येतो.

सगळी संगत एकाच चर्चमधून असण्यात मात्र धोका आहे. मंडळीत फूट पडली की मुलाचे मित्र, शिक्षक आणि संघ एकाच रविवारी जातात.

को-ऑप कसे चालते? हिंदू कुटुंबाला प्रवेश मिळतो का?

आठवड्यातून एक-दोन दिवस चर्चच्या जागेत पालकच वर्ग घेतात : एकीकडे चित्रकला, एकीकडे जीवशास्त्राची चिरफाड. पालकाने इमारतीत थांबणे आणि काहीतरी काम करणे ही बहुतेक ठिकाणी अट असते. सामील होण्याआधी तीन गोष्टी विचारा : शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी होते का, मुलांसोबत एका वेळी दोन मोठी माणसे असण्याचा नियम आहे का आणि विमा कुणाचा. उत्तर 'इथे सगळे ओळखीचे आहेत' असे आले तर दुसरे को-ऑप शोधा.

प्रवेशाचे म्हणाल तर कागद मागून वाचा. काही को-ऑप 'स्टेटमेंट ऑफ फेथ'वर प्रत्येक कुटुंबाची सही मागतात. काही फक्त शिकवणाऱ्यांची मागतात आणि इतरांना 'आम्ही याच चौकटीत शिकवू' एवढे मान्य करायला लावतात. पहिल्या प्रकारात हिंदूंनाच नव्हे, पुष्कळदा कॅथलिकांनाही जागा नसते. सोय म्हणून न पटणाऱ्या कागदावर सही करू नका. मोठ्या शहरांत 'सेक्युलर' किंवा 'इन्क्लुसिव्ह' म्हणवणारी को-ऑप असतात.

खर्च किती येतो?

पुस्तके ग्रंथालयातून आणि अभ्यासक्रम इंटरनेटवरून घेतला तर शंभर-दोनशे डॉलरांत वर्ष निघते. मान्यताप्राप्त व्हिडिओ शाळा घेतली तर एका मुलामागे हजार डॉलरच्या वर जाते. पण खरा खर्च एका पालकाच्या पगाराचा असतो आणि तो कुणीच वहीत लिहीत नाही.

सरकारी पैसा आता मिळू लागला आहे. ॲरिझोनाने २०११ मध्ये सुरू केलेली शिक्षण बचत खाती (मुलाच्या शिक्षणासाठी पालकाला मिळणारा राज्याचा पैसा) २०२२ मध्ये सर्वांना खुली केली, २०२५ मध्ये टेक्ससनेही तसा कायदा केला. जुन्या ख्रिस्ती घरशाळांत यावरून जोरात भांडण आहे : पैशामागून नियम येतील ही भीती. खाते घेतल्यावर काही राज्यांत तुमचे मूल कायद्याने 'घरशाळेतले' राहतच नाही, वेगळ्या रकान्यात जाते. ते सही करण्याआधी कळायला हवे.

हायस्कूलचा डिप्लोमा कोण देते? कॉलेजात चालतो का?

बहुतेक राज्यांत पालकच. कॉलेजे डिप्लोमापेक्षा ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) पाहतात. ते एका पानाचे असते : विषय, वर्ष, क्रेडिट, श्रेणी, एकूण जीपीए (श्रेणींची सरासरी) आणि पालकाची सही. सुमारे १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक क्रेडिट. सोबत प्रत्येक विषयाचे चार-पाच ओळींचे वर्णन आणि वापरलेली पुस्तके. हे नववीपासून दर जूनमध्ये लिहा. बारावीच्या नोव्हेंबरात चार वर्षांची पुस्तके आठवत बसलेले पालक दरवर्षी दिसतात.

घरची 'ए' श्रेणी प्रवेश समितीला काहीच सांगत नाही, म्हणून बाहेरचे पुरावे जोडा : कम्युनिटी कॉलेजचे दोन-तीन वर्ग, एपी, कॉलेजप्रवेशाची एसएटी किंवा सीएलटी चाचणी. सीएलटी ही २०१५ पासूनची चाचणी ख्रिस्ती कॉलेजांत मानली जाते आणि २०२३ पासून फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठेही तिचे गुण मान्य करतात. अकरावीच्या ऑक्टोबरातली पीएसएटी (एसएटीची पूर्वचाचणी) जवळच्या शाळेत द्यावी लागते. जागा उन्हाळ्यातच विचारा, सप्टेंबरअखेर नाही म्हणतात. भाषेचा विषय म्हणून मराठीही धरता येते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांतली वर्षे आणि परीक्षा ट्रान्स्क्रिप्टवर लिहा, पण कॉलेजाला ती चालते का ते आधी विचारून घ्या.

हे कुठे फसते?

सातवी-आठवीच्या गणितात. आईला स्वतःला बीजगणित नको असते, पुस्तक 'पुढच्या वर्षी' जाते, आणि सोळाव्या वर्षी मुलगा अपूर्णांकांतच असतो. उपाय महाग नाही : सहावीपासून गणित बाहेरच्या माणसाकडे द्या. दुसरी जागा वाचनाची. 'मूल तयार झाले की वाचेल' हे सहाव्या वर्षी शहाणपणाचे असू शकते, नवव्या वर्षी तो न ओळखलेला डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) असू शकतो. तिसरी जागा मोठ्या मुलीची. सात भावंडांच्या घरात ती दुसरी आई होते आणि तिचे रसायनशास्त्र धुण्याभांड्यांत जाते. अशा घरांत कधी कधी मुलीला कॉलेजची गरजच काय असा विचारही असतो.

चौथी गोष्ट गंभीर आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलाला रोज पाहणारे बाहेरचे कुणी नसते, त्यामुळे घरात मारहाण किंवा उपासमार असेल तर ती लपते. घरशाळेतून मोठ्या झालेल्यांनी २०१३ मध्ये कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन ही संस्था काढली. किमान वार्षिक मूल्यमापन व्हावे, आणि मुलांवरील गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना घरशाळेची मुभा नसावी अशा मागण्या ती करते. एचएसएलडीए अशा बहुतेक नियमांना विरोध करते. चांगली चाललेली घरे यात भरडली जातील हे तिचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण वर्षातून एकदा बाहेरच्या शिक्षकाने मुलाची वही पाहण्याने चांगल्या घराचे काही बिघडत नाही, असे आमचे मत. राज्य मागत नसले तरी ते स्वतःहून करा.

एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्याच्या कुटुंबाचा) वर असताना घरशाळा चालते का?

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा वय आणि राहण्याचे ठिकाण पाहतो, व्हिसा नव्हे. स्वतःच्या मुलाला शिकवणे ही नोकरी नाही. पण कामाची परवानगी नसलेल्या एच-४ पालकाने को-ऑपमध्ये इतरांच्या मुलांना पैसे घेऊन शिकवणे ही नोकरी ठरते. शुल्कात 'सवलत' मिळत असेल तर तीही वकिलाला विचारा.

भारतात परतल्यावर काय?

पालकाने दिलेला अमेरिकन डिप्लोमा भारतीय विद्यापीठात समकक्ष ठरवून घेणे अवघड जाते. नववीनंतर परतण्याची शक्यता असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी-बारावी धरा. दहावीला किमान वय १४, परीक्षा वर्षातून दोनदा, पाच विषय आणि पाच वर्षांत नऊ संधी. महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळाचा १७ नंबर फॉर्म बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो, पण तो शाळा सोडल्याचा दाखला मागतो. कधीच भारतीय शाळेत न गेलेल्या मुलाला एनआयओएस सोपे पडते. इंग्लंडच्या बोर्डाच्या परीक्षांना खासगी उमेदवार म्हणून बसण्याचा मार्गही आहे, तो महाग.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मात्र शाळा टाळण्यापेक्षा शाळा काढण्याचीच परंपरा चालवली. इथे घरशाळा करणारी ख्रिस्ती घरे थोडी आहेत, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेची वेगळी तरतूद नसल्याने तीही मुक्त विद्यालयाचाच रस्ता धरतात.

अमेरिकेतून जर्मनीत बदली झाली तर?

घरशाळा बंद. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे, धार्मिक कारणही चालत नाही, आणि २०१९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एका ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रकरणात जर्मन सरकारचीच बाजू घेतली. स्वीडनमध्येही २०१० च्या कायद्यानंतर जवळपास तसेच.

मुलाला परत शाळेत घालायचे झाले तर?

आठवीपर्यंत शाळा बहुतेक वेळा वयाप्रमाणे घेते, गणित-वाचनाची चाचणी घेऊन. नववीनंतर घरचे क्रेडिट मान्य करायचे की नाही हे शाळेच्या हातात असते आणि काही शाळा एकही धरत नाहीत, म्हणजे सतरा वर्षांचे मूल नववीत. म्हणून परत जायचे असेल तर नववीच्या सुरुवातीला जा, दहावीच्या मध्यात नव्हे. जाताना लसीकरणाच्या नोंदी, राहण्याचा पुरावा, भरलेल्या नोटिसांच्या प्रती, चाचणीचे निकाल आणि प्रत्येक विषयातली लिहिलेली दोन-तीन कामे सोबत न्या. समुपदेशकाची भेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घ्या, नंतर वर्ग भरलेले असतात.